मे आय कम इन, माऊली?

ज्याचा अर्थ कोणी ऐकत नाही आणि ज्यावाचून कोणाचे चालत नाही, ते ठरीव वाक्य. नेवाशाच्या एसटी स्टँडवर दोन ओळखीची माणसे भेटली की एक विचारतो, "काय चाललंय?" दुसरा सांगतो, "काही नाही, चाललंय." म्हणजे काहीही चाललेले नाही आणि तरी ते चाललेले आहे. तर्कशास्त्राच्या पेपरात या उत्तराला शून्य गुण पडतील. स्टँडवर ते पिढ्यानपिढ्या उत्तीर्ण होत आले आहे. मग येतो "बाकी?" हा प्रश्न. मुळात काही मांडलेलेच नसताना बाकी कशातून काढायची, हे गणिताच्या शिक्षकालाही सांगता येणार नाही. पण उत्तर तयार असते: "बाकी निवांत." संवाद संपतो, दोघे समाधानाने आपापल्या गाडीकडे वळतात. गाडी तासभर उशिरा असली तरी निवांतपणात फरक पडत नाही.

माणूस भाषा बोलतो म्हणजे शब्द निवडून, व्याकरणाने जोडून नवे वाक्य बांधतो, असे व्याकरणाची पुस्तके धरून चालतात. प्रत्यक्षात बहुतेक बोलणे बांधूनच आलेले असते. अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर या दोन भाषाभ्यासकांनी 1983 मध्ये एका निबंधात हे नीट मांडले. एकच गोष्ट व्याकरणाला मान्य होईल अशा कितीतरी प्रकारांनी सांगता येते, पण त्या भाषेत जन्मलेला माणूस त्यांतला एखाददुसराच वापरतो. पाहुण्याला "चहा घेता का?" असे विचारतात. "आपल्या चहाप्राशनाबाबत आपला काय निर्णय आहे?" हे वाक्यही शुद्ध आहे, पण ते कानी पडल्यावर पाहुणा चहाऐवजी चप्पल शोधू लागेल. परकी भाषा शिकणाऱ्याची अडचण नेमकी ही असते. व्याकरण त्याला सगळी वाक्ये करायला शिकवते. त्यांतली कुठली करायची नाहीत, हे सांगत नाही.

(नेवाशाच्या लाडमोड टेकाडावर ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजच्या सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले. अश्मयुगापासून पुढच्या काळापर्यंतच्या वस्तीचे थर त्यात उलगडले. दगडी हत्यारे निघाली, ताम्रपाषाण काळातली रंगवलेली मडकी निघाली, मणी निघाले. ती माणसे प्रवरेच्या काठी एकमेकांना भेटल्यावर काय म्हणत, ते मात्र मातीत टिकले नाही. बहुधा काही नाही, चाललंय.)

पॉली आणि सायडर यांच्या म्हणण्यावरून दुसरी भाषा शिकवण्याची एक पद्धत निघते. विद्यार्थ्याला आधी नियम द्यायचे नाहीत, तयार वाक्ये द्यायची. ती त्याने अख्खीच्या अख्खी गिळायची, गरज पडेल तिथे काढायची, आणि पचन यथावकाश होऊ द्यायचे. ही पद्धत मुले आपणहून वापरतात, हे लिली वाँग फिलमोर यांनी 1976 च्या आपल्या प्रबंधात दाखवले. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेतली, घरी स्पॅनिश बोलणारी पाच मुले त्यांनी शाळेच्या वर्षभर न्याहाळली. मुलांना इंग्रजी शिकायचे नव्हते, खेळायचे होते. त्यासाठी त्यांनी "थांब जरा", "बघू दे" या छापाची वाक्ये आधी तोंडात बसवली. एकेका शब्दाचा अर्थ नंतर कळला. फिलमोरबाईंनी या मुलांची धोरणेही टिपली आहेत. त्यांतले पहिले असे: घोळक्यात शिरायचे आणि काही कळत नसले तरी सगळे कळते आहे असे वागायचे. दुसरे: नेमके चार शब्द असे टाकायचे की आपल्याला भाषा येते असे समोरच्याला वाटावे. ग्रामसभेला नियमाने हजर राहणाऱ्यांना यात नवीन काही आढळणार नाही.

मराठी शाळेत याच प्रवासाची सुरुवात दाराशी होते. "मेआयकमिनसर" हा इंग्रजीतला एक लांबलचक शब्द आहे, अशी पहिलीतल्या मुलाची पक्की समजूत असते. त्याचे घटक किती, क्रियापद कुठले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. शब्द उच्चारला की आत जाता येते, एवढे पुरते. पुढे "मेआयगोटूटॉयलेट" हा दुसरा शब्द भेटतो. याने बाहेर जाता येते. मग "मेआयड्रिंकवॉटर" येतो. तिन्ही शब्दांचे तोंड सारखे आहे हे एखाद्या दिवशी ध्यानात येते आणि "मे आय" सुटा होतो. त्या दिवशी वर्गात "मे आय पेन्सिल?", "मे आय घरी?" असे शोध लागतात. शिक्षक ते चूक म्हणून खोडतात. खरे तर तो त्या मुलाच्या इंग्रजीचा वाढदिवस असतो. खोडण्याआधी निदान अर्धा मिनिट थांबायला हरकत नसावी.

सगळी वाक्ये अशी सुटत नाहीत. "हाउ आर यू?" ला "आय ॲम फाइन, थँक्यू" हे उत्तर एकदा गोठले की गोठले. नाक वाहते आहे, कपाळ तापले आहे, डोळे तांबडे झाले आहेत, आणि मूल खणखणीत आवाजात सांगते की आय ॲम फाइन. त्याच्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी असते.

महाराष्ट्रात ठरीव वाक्यांच्या शिक्षणाची सर्वांत जुनी शाळा संस्कृतची. मुंजीतला बटू झोळी पुढे करून "भवति भिक्षां देहि" म्हणतो. भवति म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक नसते, पण लाडू पडतो. वाक्य बरोबर होते याचा एवढा तत्काळ पुरावा कुठल्याही परीक्षा मंडळाने आजवर दिलेला नाही. सत्यनारायणाला बसलेला यजमान गुरुजींच्या मागून संकल्प म्हणतो, तेव्हा आपण कशाचा संकल्प केला हे त्याला प्रसाद वाटताना तरी कळलेले असते का, याबद्दल शंका आहे. लग्नात "सावधान" ही सूचना मंगलाष्टकाच्या प्रत्येक कडव्याला दिली जाते आणि मांडवातला एकही माणूस सावध होत नाही. तेवढ्यात अक्षता फेकायच्या असतात. ठरीव वाक्याचा अर्थ ऐन वेळी ध्यानात घेतल्याचा मराठीतला सर्वांत गाजलेला दाखला समर्थ रामदासांचा. परंपरा सांगते की "सावधान" ऐकताच ते सावध झाले आणि बोहल्यावरून निघून गेले. इतरांनी धडा घेतला आणि तेव्हापासून त्या शब्दाकडे लक्ष देणे टाळले.

या पद्धतीला पहिला मोठा शह बसला तो नेवाशातच. शके 1212, म्हणजे इ.स. 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी इथे भगवद्गीता मराठीत सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. गीतेचे श्लोक 700. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9,000. म्हणजे एका श्लोकामागे सरासरी तेरा ओव्या. ऐकणाऱ्याला श्लोक पाठ असतीलही, पण पाठ असलेला श्लोक उकलून दाखवायचा तर दर वाक्यामागे तेरा वाक्ये खर्ची पडतात, असा हा हिशोब आहे. पाठांतर स्वस्त का पडते, ते यावरून कळावे. ज्या दगडी खांबाला टेकून त्यांनी हे निरूपण केले असे मानतात, तो "पैस" नेवाशाच्या मंदिरात आजही उभा आहे. दुर्गा भागवतांनी आपल्या लेखसंग्रहाला त्याचेच नाव दिले आणि त्या संग्रहाला 1971 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. सातशेहून अधिक वर्षांत एक गंमत मात्र झाली. मराठीच इतकी पुढे सरकली की पारायणाला बसलेल्या माणसाला आता ओवीखालचा अर्थही वाचावा लागतो. पुष्कळजण तो वाचत नाहीत. ज्ञानेश्वरी पाठ म्हणता येते आणि समजत नाही अशी माणसे, गीता पाठ म्हणता येणाऱ्या आणि न समजणाऱ्या त्या काळच्या माणसांच्या ओळीत जाऊन बसली आहेत. पैस खांब तेवढा आहे तिथे आहे.

नंतर साहेब आला आणि मराठी ही दुसऱ्या कोणाची तरी दुसरी भाषा झाली. विल्यम कॅरी यांनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले. ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत, छापखाना श्रीरामपूरचा. (नेवाशाच्या वाचकाने लगेच शेजारच्या तालुक्याकडे पाहू नये, हे बंगालमधले श्रीरामपूर.) कॅरींना वैजनाथ पंडितांची मदत होती. नुसत्या व्याकरणाने कंपनीच्या तरुण नोकरांचे भागणार नाही हे ओळखून पुस्तकाला नेहमीच्या विषयांवरचे संवाद जोडलेले होते. परक्यांना मराठी शिकवण्यासाठी तयार बोलण्याचे नमुने छापण्याची सुरुवात अशी महाराष्ट्रापासून दीड-दोन हजार किलोमीटरवर झाली. 1831 मध्ये मोल्सवर्थचा कोश आला. त्यात शब्दांबरोबर म्हणी आणि वाक्प्रचारही भरलेले होते, कारण शब्दाचा अर्थ कळूनही वाक्याचा कळत नाही हा अनुभव तोवर पुरेसा आलेला होता. त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला सुरू झाले. (अहमदनगर काय आणि अहिल्यानगर काय, बोलणाऱ्याच्या तोंडी दोहोंचे ठरीव रूप "नगर".) पुढे नेवासा तालुक्यात वडाळा बहिरोबा इथे मिशनचे ठाणे झाले, सॅम्युअल फेअरबँक यांनी तिथे बरीच वर्षे घालवली. मिशनऱ्यांना हुकूम सोडून भागत नव्हते, ऐकणाऱ्याचे मन वळवायचे होते. म्हणून नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी वाक्येच काय, कीर्तनाचा सबंध साचाच उचलला. ठरीव गोष्ट उचलायची तर एवढी मोठी उचलावी.

बंगल्यातल्या साहेबाला मन वळवण्याची गरज नव्हती. त्याला लागणारी वाक्ये आण, ने, थांब, चालता हो या जातीची. तीही जड जात, म्हणून एक युक्ती निघाल्याची आख्यायिका आहे. नोकराला दार लावायला सांगायचे तर इंग्रजीत "देअर वॉज अ बँकर" असे भरभर म्हणावे. नोकराला "दरवाजा बंद कर" ऐकू येते. दार उघडायला हवे तर "देअर वॉज अ कोल्ड डे" म्हणावे. तो "दरवाजा खोल दे" समजतो. साहेब सावकाराबद्दल आणि हवामानाबद्दल बोलत राहिला, दारे उघडझाप होत राहिली, आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्याची भाषा शिकावी लागली नाही. ठरीव वाक्याची ही परमावधी म्हणावी लागेल: इथे बोलणाऱ्यालाही वाक्याचा अर्थ नको आहे.

युक्ती हिंदुस्थानीत जमली. मराठीत जमली नसती, कारण मराठीत दार बंद करण्यापेक्षा "लावतात". आणि हे "लावणे" परक्या माणसाची कसोटी पाहते. दार लावले की बंद होते, दिवा लावला की सुरू होतो. झाड लावतात ते मातीत, गंध लावतात ते कपाळाला, फोन लावतात तो मेहुण्याला, आणि जीव लावतात तो लागतो. वाट लावली तर ती दुरुस्त होत नाही. कोशात "लावणे" पाहून यातले एकही वाक्य तयार करता येणार नाही. प्रत्येक जोडी अख्खी शिकावी लागते. ठरीव वाक्यांच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद कोणत्याही प्रबंधात सापडणार नाही.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाचा जुना रस्ता वेगळा होता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या घडल्या. नियम शिका, मराठी वाक्य घ्या, त्याचे इंग्रजी करा. यातून पत्र लिहिता येई, दावा दाखल करता येई. स्टेशनवर तिकीट मागताना मात्र घाम फुटे, कारण मनातल्या मनात भाषांतर पुरे होईपर्यंत खिडकी बंद झालेली असे. मग संरचना पद्धत आली. शिक्षक हातात पेन धरून सांगू लागले, "धिस इज अ पेन." वर्गातल्या साठ मुलांना ते पेन दिसत होते. जगाच्या पाठीवर एका माणसाने दुसऱ्याला पेन दाखवून ते पेन असल्याची माहिती दिल्याचा प्रसंग वर्गाबाहेर घडलेला नाही. तरी हे वाक्य देशभर घुमले. याला कंटाळून एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूरला उलटा प्रयोग केला: मुलांना वाक्ये देऊ नका, काम द्या, नकाशा, वेळापत्रक असे काहीतरी सोडवू द्या, भाषा मागून येईल. नेवाशाच्या स्टँडवरचे वेळापत्रक या प्रयोगाला चालले असते का, हे सांगणे कठीण. त्यात गाडीची वेळ हेच ठरीव वाक्य असते.

महाराष्ट्राने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीत भेटे. भेट लवकर झाली तरी ओळख करून देणारी वाक्ये फारशी बदलली नाहीत. त्यांत सर्वांत दीर्घायुषी रजेचा अर्ज. "ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर" अशी त्याची सुरुवात आणि "युवर्स ओबीडियंटली" असा शेवट. मधली जागा तारखेपुरती. नेवासा तालुक्यातले मूल शाळेला दांडी मारते ते कांद्याच्या लागवडीसाठी, कापूस वेचायला, मामाच्या लग्नाला, किंवा मोहिनीराजाच्या यात्रेसाठी. यांपैकी एकाही कारणाचे इंग्रजी त्याच्या पुस्तकात नसते. अर्जात ताप असतो, म्हणून ताप येतो. मोहिनीराजाच्या यात्रेच्या दिवसांत एखाद्या परक्या माणसाने फक्त शाळेतले अर्ज चाळले, तर तालुक्यात साथ आली असे समजून तो आरोग्य खात्याला कळवील. वाक्य तयार असले की माणूस त्याच्या मापाने खरे बोलतो. इथे दोष मुलाचा नाही. कांदे लावायला रजा मागण्याचे एक साधे वाक्य कोणी रचून दिले असते, तर तालुक्याचा ताप निम्म्याने उतरला असता.

मापाचा हा घोळ सर्वांत उघडा पडतो तो शनिशिंगणापूरला. हे गाव नेवासा तालुक्यातलेच. शनिदेव तिथे उघड्या चौथऱ्यावर, वर छप्पर नाही. आणि गावातल्या घरांना चौकटी आहेत पण दारे लावण्याची रीत नाही. आता जगातले कोणतेही भाषेचे पुस्तक पाहावे. "ओपन द डोअर", "क्लोज द डोअर" ही त्याची पहिली पुंजी. घरी जाऊन सराव करा असे शिक्षकाने सांगितले तर शिंगणापूरच्या मुलाने काय करावे? पहिली आज्ञा पाळायची गरज नाही आणि दुसरी पाळता येत नाही. "नॉक बिफोर यू एंटर" ही सूचना तर त्याला परीकथेतली वाटेल. युको बँकेने 2011 मध्ये या गावात कुलपाविना शाखा उघडली. बँकेच्या इंग्रजीतले "अंडर लॉक अँड की" हे ठरीव शब्द त्या शाखेत कोणत्या अर्थाने वापरतात, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आणि ज्या ज्ञानेश्वरांनी शेजारच्या नेवाशात ग्रंथ सांगितला, मराठीतले सर्वांत प्रसिद्ध बंद दार त्यांच्याच झोपडीचे. धाकट्या मुक्ताबाईने ते उघडायची विनवणी केली, त्यातून ताटीचे अभंग झाले. झोपडी शिंगणापुरात असती तर मराठी साहित्याचे नुकसान झाले असते.

शाळेबाहेर हीच पद्धत कोणत्याही पुस्तकाशिवाय बिनबोभाट चालते. शिंगणापूरला देशभरातून माणसे येतात. तेल, रुईच्या पानांची माळ, काळे कापड विकणाऱ्याला ग्राहकाच्या भाषेतली पाच-सहा वाक्ये आली की धंदा होतो: या, घ्या, एवढे झाले, सुट्टे द्या, चपला इथे ठेवा. यांत भूतकाळ नाही, संकेतार्थ नाही, कर्मणी प्रयोग नाही. सहावे वाक्य सातव्या प्रश्नाला पुरत नाही तेव्हा विक्रेता हसतो आणि बोटे दाखवतो. ही बोटेही अभ्यासक्रमात धरायला हवीत. इथल्या विक्रेत्याला परक्या भाषेतला आकडा चुकताना सहसा कोणी पाहिलेले नाही. शाळेतल्या तोंडी परीक्षेत एवढे कडक परीक्षक नसतात.

वारकरी मुलखाने परक्यांसाठी एक सोयही करून ठेवली आहे. मराठीत बोलायला तोंड उघडले की तू, तुम्ही की आपण, अहो की अरे, दादा, भाऊ, मामा, काका, ताई, मावशी की आजी, हा पेच पडतो. वय, नाते, हुद्दा आणि समोरच्याचा स्वभाव यांचा अंदाज वाक्याच्या आधी घ्यावा लागतो. नेवाशात "माऊली" म्हटले की काम झाले. पुरुषाला चालते, बाईला चालते, शेजारच्या सीटवरच्या अनोळखी प्रवाशाला चालते, पाय तुडवला असेल तर फारच चालते. पुढे क्रियापद "तुम्ही"चे लावावे. भेटल्यावर "राम कृष्ण हरी" म्हणावे आणि निघतानाही "राम कृष्ण हरी" म्हणावे. दोन शब्दप्रयोगांत माणूस सभ्य ठरतो. इतक्या कमी भांडवलात सभ्य होण्याची सोय युरोपातल्या भाषांत असल्याचे ऐकिवात नाही.

या सोयीपलीकडे गेले की मराठी आपले खरे दात दाखवते. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, म्हणजे घरी मराठी नसलेली लाखो मुले आता ती शिकतात. त्यांच्यासमोरचा पहिला खड्डा निरोपाचा. मराठी माणूस निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. पाहुणा उठतो, चप्पल घालतो, "येतो" म्हणतो आणि जातो. नवशिक्या यजमान बिचारा चहा झाकून ठेवतो. दुसरा खड्डा "वाढवणे" या शब्दाचा. फोडणे, तुटणे, बंद करणे हे अशुभ बोलायचे नाही, म्हणून नारळ वाढवतात, बांगडी वाढते, आणि रात्री नऊ वाजता दुकानदार "दुकान वाढवतो" म्हणतो. ज्याने हा शब्द कोशातून उचलला आहे तो अभिनंदन करतो आणि नवी शाखा कुठे काढणार असे विचारतो. तिसरा खड्डा होकार-नकाराचा. "नको नको" म्हणजे आणखी एकदा आग्रह करा. "बघू" म्हणजे नाही. "करतो ना" म्हणजे आज नाही. "आलोच पाच मिनिटांत" यातला "च" खात्री दाखवत नाही, मिनिटे मोजू नयेत एवढीच विनंती करतो.

यावर शाळेने योजलेला इलाज म्हणजे "खालील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा" हा प्रश्न. मराठी मुलांनी त्याचे बिनतोड उत्तर फार पूर्वीच शोधले आहे: "गुरुजींनी 'कंबर कसणे' हा वाक्प्रचार फळ्यावर लिहिला." वाक्यात उपयोग झाला, अर्थ माहीत असण्याची गरज उरली नाही. तपासणारा चिडतो, पण या उत्तरात चूक दाखवता येत नाही. प्रश्नाला जे हवे होते ते मुलाने दिले. वाक्प्रचाराला जे हवे असते, म्हणजे एखादा प्रसंग, ते प्रश्नातच नव्हते. परभाषकांसाठी मराठी शिकवण्याचे नेटके काम महाराष्ट्रात झालेले आहे. फलटणला राहून मॅक्सीन बर्नसन यांनी जाई निंबकर यांच्यासह 1975 मध्ये मराठीचे संदर्भव्याकरण सिद्ध केले, शिकणाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तकही लिहिले. बर्नसनबाई जन्माने अमेरिकी, म्हणजे मराठी त्यांची शिकलेली भाषा. परक्या माणसाला मराठीत कुठे ठेच लागते हे सांगायला ठेच लागलेले माणूस बरे. जन्मजात मराठी माणसाला आपण "येतो" म्हणून जातो हे कोणी दाखवून देईपर्यंत दिसत नाही.

ठरीव वाक्य लागू पडायला मात्र दोन माणसे लागतात: एक ते म्हणणारा आणि दुसरा त्याचे ठरीव उत्तर देणारा. दुसऱ्याने आपला वाटा उचलला नाही तर पाठांतर कितीही पक्के असो, वाया जाते. मराठी शिकणाऱ्यांचे घोडे पुष्कळदा इथेच अडते. बिहारहून आलेला गवंडी, केरळहून आलेली नर्स किंवा तमिळनाडूचा ट्रकचालक मोठ्या तयारीने "काय चाललंय, माऊली?" म्हणतो, आणि त्याच्या उच्चारातली मेख ओळखून मराठी माणूस तत्परतेने हिंदीत उत्तर देतो: "कुछ नहीं, आप बोलो." हे सौजन्य असते यात शंका नाही. शिकणाऱ्याचे पहिले वाक्य मात्र जागच्या जागी मरते, कारण दुसरे वाक्य त्याला समोरच्याच्या तोंडून मिळणार होते.

तेव्हा नेवासा फाट्यावर गाडीची वाट पाहत असताना कोणी परका माणूस अडखळत "काय चाललंय?" असे विचारील, तर वाचकांनी कृपा करून "काही नाही, चाललंय" असेच म्हणावे. मराठीत, सावकाश. आणि गाडीला अजून वेळ असेल, तर "बाकी?" हेही विचारावे.